तीन पौर्णिमांची खाट

फार फार मागे, डोंगरांना पायवाटा फुटल्या होत्या पण गाडीचं चाक अजून वर चढलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक नियम होता. लचक भरली की खाट धरायची. तीन पौर्णिमा उलटेपर्यंत उठायचं नाही, जड वस्तूला हात लावायचा नाही, आणि का, ते विचारायचं नाही.

नियमाचे पहिले भाग लोक कधीमधी विसरत. शेवटचा कोणी विसरत नसे.

हे गाव डोली वाहणाऱ्यांचं होतं. आजारी माणूस असो की पहिलटकरीण, डोलीत बसवून चौघं जण डोंगर उतरत आणि पायथ्याच्या गावी वैद्याकडे किंवा सुईणीकडे पोचवत. वाट इतकी अरुंद, की एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा. म्हणून तिथली मुलं-मुली चालायला लागली की धोंडा उचलायला शिकत. आधी नारळाएवढा, मग भोपळ्याएवढा, मग घागरीएवढा. मोठं झालं की ज्याचा त्याचा एक शेवटचा धोंडा असे, उखळाएवढा, आणि तो दारात ठेवलेला असे. सकाळी उठून आधी धोंडा उचलायचा, मग न्याहारी. घर ओळखायचं तर धोंड्यावरून ओळखत.

एखाद्याला लचक भरली की गावचे जाणते येत. जाणते म्हणजे पाच म्हातारे. ते जांभळीच्या सावलीत बसत आणि सगळ्या गोष्टी ठरवत. ते येत आणि त्या माणसाच्या धोंड्याला पांढरं फडकं बांधत. फडकं बांधलेल्या धोंड्याला कोणी शिवत नसे.

आता गंमत ऐका. तीन पौर्णिमा झोपून उठलेल्यांपैकी दहांतला एखादाच पुन्हा डोलीखाली येई. बाकीच्यांचे पाय काटक्या झालेले असत. जाणते मान हलवून म्हणत, "बघा, लचक किती वाईट! तीन पौर्णिमा निजूनही गेली नाही." आणि नियम आणखी पक्का होई.

तुम्ही लहान असाल तर तुम्हाला यातली चूक एव्हाना दिसली असेल. मोठे असाल, तर थोडं थांबा.

त्या गावात दुर्पा नावाची मुलगी होती. वीस वर्षांची, बोलायला तिखट आणि डोलीखाली सगळ्यांत भरवशाची. तिची आईही एके काळी अशीच होती. तिच्या खांद्यावर डोली असली की आतल्या माणसाला झोप लागे, असं लोक सांगत. पण एकदा आईच्या कमरेत लचक भरली. जाणत्यांनी फडकं बांधलं. तीन पौर्णिमा ती निजली आणि उठली तेव्हा भिंत धरूनच उठली. त्याला आठ वर्षं झाली होती. अजून ती भिंत धरूनच चाले. दुर्पाचे वडील त्याआधीच गेले होते.

दुर्पाला एक मोठी बहीण होती, मंजुळा. ती दुसऱ्या डोंगरावर दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, सात महिने भरलेली, गाल वर आलेले, पाय सुजलेले. पायथ्याची सुईण त्याच सुमाराला एका मुलाच्या नामकरणाला वर आली होती. तिने मंजुळाच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाळ आडवं आहे. वळेल कदाचित, नाहीही वळणार. हिला वेळेवर माझ्याकडे आणा. माझे गुडघे गेले आता, पुन्हा काही मी हा डोंगर चढत नाही."

"आणू की," दुर्पा म्हणाली. "अक्काला मी नाही आणणार तर कोण?"

आणि ते खरंच होतं. त्या गावात आणखी एक रीत होती: माहेरवाशिणीच्या डोलीला एक खांदा माहेरचा लागे. माहेरचा खांदा नसेल तर डोली उचलत नसत. मंजुळाच्या माहेरी खांदा उरला होता तो एकच, दुर्पाचा.

मंजुळा हसून म्हणाली, "हळू ने हो बाई. तुझ्यासारखी उड्या मारत नेलीस तर बाळ वाटेतच बाहेर येऊन तुझ्याशी भांडेल."

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. दुर्पा सकाळी दारात धोंडा उचलत होती. अक्का ओट्यावर बसून बघत होती, म्हणून तिने जरा ऐट केली. धोंडा खांद्यावर असताना ती उजव्या पायाच्या चवड्यावर उभी राहिली आणि गर्रकन वळली. पोटरीत काहीतरी चमकलं. कोणी मागून खडा मारावा तसं. तिने वळून पाहिलं, तर मागे कोणी नव्हतं.

धोंडा तिने नीट खाली ठेवला. मग ती स्वतः खाली बसली.

"काही नाही," ती म्हणाली. "लचकली जराशी."

पण शेजारणीने ऐकलं होतं. दुपारपर्यंत पाचही जाणते दारात उभे राहिले. थोरले जाणते सगळ्यांत पुढे. पांढऱ्या मिशा, हातात काठी, आवाज मऊ. त्यांना सगळे तात्या म्हणत.

"पोरी, खाट धर," तात्या म्हणाले.

"तात्या, चालता येतंय मला. थोडंसं दुखतंय, एवढंच."

"थोडंच दुखत होतं सगळ्यांना. खाट धर."

"दोन महिन्यांत अक्काचे दिवस भरतील. मी तीन पौर्णिमा झोपले तर तिच्या डोलीला खांदा कोण देईल?"

पाचही जण एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "मग घरीच होईल बाळंत. पूर्वी होतच होत्या."

"पूर्वी मरतही होत्या," दुर्पा म्हणाली.

"दुर्पे!" आई आतून ओरडली.

"आणि तीन पौर्णिमाच का? दोन का नाहीत? एक का नाही?"

असा प्रश्न त्या दारात कोणी कधी विचारला नव्हता. तात्यांचा चेहरा क्षणभर उतरला, कुणी जुन्या जखमेवर बोट ठेवावं तसा.  त्यांनी वाकून धोंड्याला फडकं बांधलं, दोन गाठी मारल्या आणि निघून गेले.

दुर्पाने खाट धरली. खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन दिवस तिला खाट बरीही वाटली. पाय ठणकत होता, पोटरी गरम होती. मंजुळा ओलं फडकं ठेवी, आई पाय उशीवर घेई. तिघी गप्पा मारत, चिंच खात. चौथ्या दिवशी ठणका गेला. पाचव्या दिवशी दुर्पा छताच्या वाशांना नावं देऊ लागली. सहाव्या दिवशी तिने आईकडे पाहिलं. आई भिंत धरून चुलीपासून दारापर्यंत येत होती. अकरा पावलं. मध्ये दोनदा थांबली.

दुर्पाने पांघरूण बाजूला केलं. ती उठली, हळूच गोठ्यात गेली आणि कवड्याच्या शेजारी बसली.

कवड्या म्हणजे त्यांचा बैल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून कवड्या. त्या काळी जनावरं बोलत असत. माणसं ऐकत नसत, म्हणून कोणाला ते ठाऊक नव्हतं. दुर्पाला इतके दिवस पडून पडून ऐकायची सवय लागली होती.

"रडायचं असेल तर माझ्या मानेवर रड," कवड्या म्हणाला. "पाठीवर नको. तिथे माश्या येतात."

दुर्पाने डोळे पुसले. "कवड्या, मागच्या वर्षी तूही लंगडत होतास ना?"

"मागच्या डाव्या पायाने. बांधावरून घसरलो होतो."

"मग बरा कसा झालास?"

"मला खाट मिळाली नाही, म्हणून," कवड्या म्हणाला. "बैलाला कोण निजवतंय? तुझ्या आईने ओट्यावरून सांगून जू काढायला लावलं. दोन दिवस गोठ्यात ठेवलं. मग सोडलं चरायला. पहिल्या दिवशी या झाडापासून त्या झाडापर्यंत. दुखलं की मी उभा राहायचो, राहिलं की पुढे जायचो. मग ओढ्यापर्यंत. मग रिकामी फळी ओढली. मग फळीवर तू बसलीस. मग नांगर. मला कोणी पौर्णिमा मोजायला सांगितल्या नाहीत. मला मोजता येतही नाहीत."

"हो की! हे सगळं आईनेच करवलं होतं!"

"तिनेच. मला शहाणपणाने चालवलं आणि स्वतः मात्र झोपून राहिली. माणसांचं मला कळत नाही."

दुर्पा घरात आली आणि तिने आईला सगळं सांगितलं. फक्त कोणी सांगितलं ते सांगितलं नाही. आई तांदूळ निवडत होती.

"बैलाची गोष्ट वेगळी," ती म्हणाली.

"काय वेगळी? त्याला चार पाय आहेत म्हणून?"

आईला हसू आलं. मग तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "परसात शेणींच्या मागे बघ. तुझे सगळे धोंडे मी ठेवलेत. नारळाएवढ्यापासून. फेकवले नाहीत माझ्याने. जाणत्यांनी शेवटच्या धोंड्याला फडकं बांधलंय. बाकीच्यांचं मला काही सांगितलेलं नाही."

शेणींच्या मागे ते होते. एका ओळीत, शेवाळ धरलेले, लहानपासून मोठ्यापर्यंत सात. पहिल्यावर दुर्पाने चार वर्षांची असताना कोळशाने नाक-डोळे काढले होते. त्यातला एक डोळा अजून होता.

तिथून दुर्पाचं काम सुरू झालं. पाय दुखरा होता, पण हात, खांदे, कंबर आणि दुसरा पाय दुखरे नव्हते. खाटेवर निजून ती घागरीएवढा धोंडा छातीवरून वर ढकले. बसून खांद्यांवर घेई. डाव्या पायाच्या बैठका काढी. उजव्या पायाला मात्र नारळाएवढाच. खाटेच्या काठावर बसायचं, गुडघ्यावर धोंडा ठेवायचा आणि टाच हळूच उचलायची, हळूच टेकवायची. दहा वेळा. मग थांबायचं आणि पोटरीला विचारायचं, कसं वाटतंय?

सकाळी तात्या दारावरून जाताना विचारत, "पडली आहेस ना, पोरी?"

"पडलेय, तात्या," दुर्पा आतून सांगे. छातीवर घागरीएवढा धोंडा असे, त्यामुळे आवाज थोडा दाबून येई.

"आवाज बसलाय तुझा. काढा घे."

मंजुळा तोंडात पदर कोंबून हसे. आई मात्र हसत नसे. तात्यांशी खोटं बोलणं तिला आवडत नव्हतं. पण अकरा पावलांची वाट तिला त्याहून कमी आवडत होती.

पोटरी बरी होत चालली. नारळाएवढ्या धोंड्यानंतर दोन नारळांएवढा आला. दुर्पा भिंतीला हात लावून उभी राहू लागली, दोन्ही टाचा उचलू लागली. पण दुर्पा दुर्पाच होती. पंधराव्या दिवशी तिला वाटलं, इतकं चाललंय तर हळू हळू कशाला? मधले दोन धोंडे सोडून तिने एकदम मोठा भोपळ्याएवढा उचलला आणि परसातला चढ चढू लागली. पाचव्या पावलाला पोटरीने सांगितलं, नको. सातव्या पावलाला पुन्हा सांगितलं. दुर्पा म्हणाली, गप्प बस. नवव्या पावलाला पोटरीने सांगणं सोडलं आणि सरळ चावली.

ती लंगडत परत आली तेव्हा पोटरी पुन्हा गरम झाली होती. ती खाटेवर उताणी पडली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

"तात्यांचंच खरं होतं," ती म्हणाली. "सगळं वाया गेलं."

आई तिच्या पायाशी बसली. तिने पोटरी मांडीवर घेतली आणि ओलं फडकं गुंडाळलं. तिचे हात अजून डोलीवालीचे होते, रुंद आणि सावकाश.

"तू म्हाताऱ्यांवर चिडतेस ते चिड," आई म्हणाली. "पण पोटरीवर कशाला चिडतेस? ती म्हातारी नाहीये. ती लहान आहे. दुखरं अंग म्हणजे लहान मूल असतं गं. त्याला मारून चालवता येत नाही. आणि सदा कडेवर ठेवलं, तर ते चालायचं विसरतं." तिने फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. "माझी कंबर मी आठ वर्षं कडेवर ठेवली. मला कोणी उतरव म्हटलं नाही."

दुर्पाने तोंड वळवलं. आईला असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"मग आता उतरव की," ती हळूच म्हणाली.

"आता? आता माझं काय!"

"पहिला धोंडा रिकामा आहे. मी दुसऱ्यावर गेलेय."

दोन दिवस दुर्पाने पायाला विसावा दिला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा नारळाएवढ्यापासून लागली. या वेळी समोर आई बसली होती, आणि एकडोळ्या धोंडा दोघींमध्ये फिरत होता. आई तो मांडीवरून उचले, छातीशी धरे आणि खाटेवरून उभी राहायचा प्रयत्न करी. पहिल्या दिवशी तिला एकदाच जमलं. मंजुळाने टाळ्या वाजवल्या, तर आई लाजली.

"टाळ्या काय वाजवतेस, मी काय पोर आहे?"

"आई, तू धोंडा बाळासारखा धरलायस," मंजुळा म्हणाली. "म्हणून वाजवल्या."

दिवस गेले. दुर्पाने एक पक्कं ठरवलं होतं. आज जेवढं झेपलं तेवढं उद्या सकाळी जाणवता कामा नये. सकाळी पोटरी कुरकुरली, तर धोंडा मागचा. नाही कुरकुरली, तर चार दिवसांनी पुढचा. एकही धोंडा सोडायचा नाही. पहिली पौर्णिमा आली, गेली. दुर्पा एका पायाच्या चवड्यावर उभी राहू लागली. मग भोपळ्याएवढा धोंडा घेऊन चढावर. मग उतारावर, जो चढापेक्षा अवघड असतो हे फक्त डोली वाहणाऱ्यांना माहीत असतं. आई चुलीपासून दारापर्यंत भिंतीला फक्त बोट लावून येऊ लागली.

दुसरी पौर्णिमा आठ दिवसांवर होती, तेव्हा एका सकाळी मंजुळा दळता दळता थांबली आणि म्हणाली, "दुर्पे, मला वाटतं, बाळाला घाई आहे."

आईने पोटावर हात ठेवला. बाळ अजून आडवंच होतं.

बातमी गावभर झाली. डोली आणली, पण उचलायला कोणी पुढे होईना. जांभळीखाली जाणते जमले. डोली वाहणारे तिघे बाजूला उभे राहिले. त्यांच्यात गेणू होता, सगळ्यांत धिप्पाड, पण जाणत्यांसमोर शेळी होणारा. मंजुळा डोलीत बसली होती. कळ आली की ती डोलीचा दांडा घट्ट धरे आणि ओठ मिटून घेई.

"माहेरचा खांदा नाही," एक जाणता म्हणाला. "डोली उचलायची नाही."

"माहेरचा खांदा आहे," दुर्पा म्हणाली आणि पुढे झाली. खांद्यावर कापडाची गादी बांधलेली, पदर खोचलेला.

"तीन पौर्णिमा झालेल्या नाहीत!"

"नाही झाल्या. आणि मी झोपलेलेही नाही. सहा दिवस झोपले, मग उठले. रोज काम केलं, झेपेल तेवढं. तात्या, तुम्ही विचारायचात आणि मी पडलेय म्हणायचे, ते खोटं होतं. त्याची मी क्षमा मागते. उठल्याची मागत नाही."

गलका झाला. तात्या काठीवर भार देऊन उभे राहिले. 

"तुला 'का?' असं विचारायचं होतं ना? मग ऐक. माझ्या भावाच्या पायात लचक भरली होती. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, मी बरा आहे, आणि डोली धरली. उतरणीवरच्या देवकड्याच्या वळणावर त्याचा पाय वळला आणि डोली दरीत गेली. डोलीत आमची आई होती." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "त्या दिवशी मी हा नियम केला. आणि कारण सांगायला लागू नये, म्हणून 'का' विचारायचं नाही असंही केलं."

 दुर्पाचा राग एकदम ओसरला. ती तात्यांजवळ गेली.

"तात्या," ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंत तर मी तुमच्याशी भांडले नसते. त्यांनी तिसऱ्या दिवशी डोली धरली. मी एकोणपन्नासाव्या दिवशी धरतेय. रोज पायाला विचारून. माझ्यावर विश्वास नका ठेवू. धोंड्यावर ठेवा."

ती आपल्या दाराशी गेली. सगळं गाव मागून गेलं. तिने फडक्याच्या दोन्ही गाठी सोडल्या आणि उखळाएवढा धोंडा उचलून खांद्यावर घेतला. या वेळी ऐट नव्हती. ती उजव्या पायावर उभी राहिली. दहा आकडे मोजले. मग डाव्यावर. मग धोंडा घेऊन उतार उतरली, वर आली आणि जांभळीखाली डोलीपाशी परतली.

"आता?" तिने विचारलं.

 डोलीतून मंजुळाच आधी बोलली. "तुमचं ठरेपर्यंत मी इथेच बाळंत झाले, तर नाव मी जांभूळ ठेवेन हं."

गेणूला हसू फुटलं, आणि हसल्यावर माणसाला घाबरता येत नाही. "चला रे," तो म्हणाला आणि दांड्याखाली गेला. बाकीचे दोघेही गेले. चौथा खांदा दुर्पाचा होता.

उतरण मोठी होती. देवकड्याच्या वळणाच्या जरा आधी दुर्पाची पोटरी कुरकुरली. जुनी दुर्पा असती तर म्हणाली असती, गप्प बस. ही दुर्पा म्हणाली, "थांबा."

"इथे?" गेणू म्हणाला. "पुढे वळण आहे!"

"म्हणूनच इथे."

त्यांनी डोली सपाट कातळावर टेकवली. दुर्पाने पाय झटकला, पोटरी चोळली, दोन घोट पाणी प्यायली. खांदा बदलून घेतला. मग टाच उचलून पाहिली. एकदा, दोनदा. पोटरी म्हणाली, चल. वळण त्यांनी पाऊल-पाऊल घेतलं आणि डोलीला हिसका बसला नाही.

ऊन उतरायच्या आत ते सुईणीच्या अंगणात पोचले. सुईणीने मंजुळाला आत नेलं, हातांना तेल लावलं आणि दार लोटलं. बाहेर दुर्पा पायरीवर बसून राहिली. खूप वेळाने आतून रडणं आलं. आधी मंजुळाचं, मग एक अगदी नवं.

सुईण दारात आली, घामाने निथळलेली. "मुलगी. आडवी होती, वळवली. मंजुळाला वरच ठेवलं असतं तर दोघीही हाती लागल्या नसत्या." मग तिने दुर्पाकडे पाहिलं. "रडतेस काय? आत ये. मावशी झालीस."

बारा दिवसांनी डोली परत वर गेली. या वेळी डोलीत दोघी होत्या. वेशीवर सगळं गाव उभं होतं. आईही होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते, कारण ती नातीसाठी पसरून उभी होती. घरापासून वेशीपर्यंत धरायला भिंत नव्हती, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पाचही जाणते पुढे आले. तात्यांनी बाळाच्या कपाळाला बोट लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण दुसऱ्या जाणत्याने घसा खाकरला.

"पोरी, तू चांगलं काम केलंस. कोणी नाही म्हणत नाही. पण तिसरी पौर्णिमा अजून यायची आहे. तेवढे उरलेले दिवस खाट धर. म्हणजे नियम मोडला असं होणार नाही."

"बरी झालेय मी," दुर्पा म्हणाली. "डोंगर उतरून चढून आले, तुमच्यासमोर."

"ते खरं. पण तू एकदा निजलीस की नियमही राहील आणि तुझाही मान राहील. फार तर दिवसा निजून राहा. लोकांना दिसलं म्हणजे झालं. उद्या तुझं बघून पोरं ऐकेनाशी होतील."

दुर्पाने बाकीच्यांसह डोली खाली टेकवली. तिने गावाकडे पाहिलं. गर्दीत काठ्या धरून उभे असलेले किती तरी जण होते. तरुण असताना निजलेले आणि पुन्हा नीट न उठलेले. ते सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी निजणार नाही. एक दिवसही नाही, दाखवायलाही नाही. मी दाखवायला निजले, तर माझ्या मागून लचकणारी पोर खरोखर निजेल. तात्या, तुमच्या भावाचं दुःख मी विसरणार नाही. ज्याला लचक भरेल त्याला मी स्वतः डोलीखालून बाहेर काढीन, दोन दिवस विसावा देईन आणि मग त्याच्या हातात त्याचा सगळ्यांत लहान धोंडा देईन. पण फडकं मी बांधणार नाही, आणि कोणाला बांधूही देणार नाही. आणि का, हे ज्याला विचारायचं असेल त्याने मला रोज विचारावं."

दुसरा जाणता तात्यांकडे वळला. तात्यांनी मान खाली घातली होती. ते बाळाच्या मुठीकडे बघत होते. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

मग पाचही जण बाजूला सरले आणि त्यांनी डोलीला वाट दिली.

या गोष्टीचं सांगणं एवढंच: दुखऱ्या अंगाला झेपेल तेवढंच काम द्या, पण काम द्याच, कारण भीतीने निजवून ठेवलेलं बळ आपण होऊन कधी उठत नाही.